वेणगावहून ब्रह्मावर्ताकडे

मराठी माणूस परमुलखात गेला की त्याच्या पराक्रमाचा इतिहास लिहिला जातो. त्याच्या बिऱ्हाडाचा मात्र क्वचितच. अटकेपर्यंत गेलेले घोडे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. पण अनोळखी गावात पहिली चूल कोठे मांडली, पाणी कोणत्या विहिरीचे भरले, याची नोंद बखरकारांनी ठेवली नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अशाच काही बिऱ्हाडांचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. सालिना आठ लक्ष रुपये वेतन घ्यावे आणि पुन्हा दक्षिणेत पाऊल ठेवू नये, असे ठरले. वास्तव्यासाठी कानपूरजवळचे गंगाकाठचे बिठूर मुक्रर झाले. त्याचे पुराणप्रसिद्ध नाव ब्रह्मावर्त. तीर्थ मोठे असले तरी वस्ती लहानच होती: घाटावरचे पंडे, नावा चालविणारे मल्लाह आणि भोवतालचे शेतकरी.

पेशव्यांच्या मागोमाग सामान्य कुटुंबेही आली. येवल्याहून पांडुरंगराव आले; त्यांचा लहानगा रामचंद्र पुढे तात्या टोपे म्हणून विख्यात झाला. कर्जतनजीकच्या वेणगावाहून माधवराव नारायण भट सहकुटुंब आले. त्यांच्या धोंडोपंतास बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतले. तेच नानासाहेब पेशवे. काशीस चिमाजी आप्पांच्या आश्रयास असलेले मोरोपंत तांबे आप्पांच्या निधनानंतर आपल्या मातृहीन कन्येसह येथेच आले. ती कन्या म्हणजे मनकर्णिका, झाशीची राणी.

या मंडळींना काय काय नव्याने शिकावे लागले असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. वेणगावची भातखाचरे आणि सह्याद्रीचा पाऊस येथे कोठून असणार? गंगेच्या गाळाच्या या सपाट मुलखात घर बांधावयास डोंगराचा दगड नाही, भिंती विटामातीच्या. जेवणात गव्हाला मान. उन्हाळ्यात लू, हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कनौजी वळणाची हिंदी. आपली कार्तिकी एकादशीची, तर गावची मोठी जत्रा कार्तिकी पौर्णिमेची. पण नदी एकच, स्नानही एकच. चार दिवसांचे ते अंतर तुटावयास फार काळ लागला नसावा.

येथे दोन प्रकारचे आधार होते, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. एक वरून आलेला, कंपनीच्या वेतनाचा. दुसरा खालून रुजलेला, गावाच्या सोबतीचा. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव निवर्तले आणि कंपनीने वेतन बंद केले. नानासाहेबांनी अजीमुल्ला खानास विलायतेस धाडले, तरी दाद लागली नाही. जुलै १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने नानासाहेबांचा वाडा जाळला. डिसेंबरात पुन्हा येऊन उरलेसुरले पाडले आणि विहिरीतला खजिना उपसून नेला. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस तात्यांना फाशी झाली. दरबार संपला. तथापि गावातली मराठी घरे समूळ गेली नाहीत. पुढेही काही कुटुंबे तेथेच नांदली. वेतनाच्या आधाराने उभे राहिले ते वेतनासह गेले. शेजाराच्या आधाराने रुजले ते टिकले, असे आमचे मत आहे.

आम्ही केंद्र सरकारचे नोकर. बदलीचा हुकूम आला की क्वार्टरची किल्ली परत करावयाची, सामान बांधावयाचे आणि मुलांचे दाखले काढावयाचे. आमचेही वेतन वरूनच येते. म्हणून ब्रह्मावर्ताचा हा इतिहास आम्हांस परका वाटत नाही. गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाट्यप्रयोग यांनी मंडळाने पन्नास वर्षे मराठी राखली, ही थोर गोष्ट होय. परंतु त्या मांडवात शेजारची इथली कुटुंबे किती आली, त्यांच्या सणांना आपण किती गेलो, हाही हिशोब सुवर्णमहोत्सवी वर्षात मांडावयास हवा. आपल्या मुलांनी घरी मराठी बोलावे आणि अंगणात इथली भाषा बोलावी. एकीने दुसरीचे काही उणे होत नाही. येवल्याचा रामचंद्र आणि वेणगावचा धोंडू गंगेच्या वाळवंटात खेळले तेव्हा त्यांच्याही तोंडी दोन्ही भाषा असतीलच.