‘मॉडलिन’ : एका नावाची विटंबना

इंग्रजी भाषेत ‘मॉडलिन’ हा एक विरळा शब्द आहे. भावनेने नको तितका ओथंबलेला, ऊठसूट डोळ्यांत पाणी आणणारा, असा त्याचा अर्थ. रडव्या कथानकाला, गळेकाढू भाषणाला किंवा मद्याच्या नशेत हुंदके देणाऱ्या माणसाला हे विशेषण लावतात, आणि ते उपहासानेच लावतात. सेमिनरीत असताना आम्ही तो शब्दकोशात प्रथम पाहिला आणि त्याची व्युत्पत्ती वाचून चरकलो. तो शब्द म्हणजे संत मरिया माग्दालेना हिचेच नाव आहे.

गालील सरोवराच्या पश्चिम तीरावरील माग्दाला हे तिचे गाव. २००९ साली तेथे उत्खननात पहिल्या शतकातील सभास्थान सापडले. गावावरून पडलेले ‘माग्दालेना’ हे नाव जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्लंडात गेले आणि तेथील लोकांच्या तोंडी ‘मॉडलिन’ झाले. ऑक्सफर्डमध्ये १४५८ साली स्थापन झालेल्या, तिच्या नावाच्या महाविद्यालयाचा उच्चार आजही ‘मॉडलिन’ असाच करतात. चित्रकारांनी तिला नेहमी अश्रू ढाळताना रंगवले, म्हणून तिचे नाव अश्रूंना चिकटले. १५९२ साली थॉमस नॅश या लेखकाने मद्यपींचे आठ प्रकार सांगितले. त्यांतील रडणाऱ्या मद्यप्याला त्याने ‘मॉडलिन’ म्हटले.

परंतु हे अश्रू आले कोठून? संत लूकच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात एक पापी स्त्री आपल्या आसवांनी प्रभूचे पाय भिजवते. तिचे नाव तेथे दिलेले नाही. मरिया माग्दालेना आठव्या अध्यायात येते, ती सात भुतांपासून मुक्त झालेली आणि प्रभूची सेवा करणारी म्हणून. ५९१ साली पोप महान ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात या दोघी आणि बेथानीची मरिया एकच मानल्या. पापी माणसाने निराश होऊ नये, हा त्यांचा हेतू. पौर्वात्य ख्रिस्तसभांनी मात्र या स्त्रिया वेगळ्याच मानल्या. पश्चिमेत माग्दालेना ‘पतिता’ ठरली.

या समजुतीचे परिणाम शब्दापुरतेच राहिले नाहीत. १७५८ साली लंडनमध्ये वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी तिच्या नावाने आश्रम निघाला. पुढे आयर्लंडमध्ये ‘माग्दालेन’ धुलाईगृहे चालली. ती आपल्याच धर्मभगिनींच्या संस्था चालवीत होत्या, हे लिहिताना आमची मान खाली जाते. १९२२ पासून तेथे सुमारे दहा हजार स्त्रिया राहिल्या, विनावेतन राबल्या. अनेकींची मूळ नावेही बदलण्यात आली. शेवटचे धुलाईगृह १९९६ साली बंद झाले. २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत या स्त्रियांची क्षमा मागितली.

ख्रिस्तसभेनेही आपली चूक दुरुस्त केली. पूर्वी २२ जुलैच्या मिस्सात त्या अनामिक पापी स्त्रीचा उतारा वाचला जाई. १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेनंतर त्या जागी संत योहानच्या विसाव्या अध्यायातील पुनरुत्थानाचा वृत्तांत आला. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला आणि ‘प्रेषितांची प्रेषिता’ हा तिचा जुना मान उपासनेत प्रकटपणे नोंदवला गेला.

वाचकहो, त्या विसाव्या अध्यायात ती खरोखरच रडते आहे. परंतु हे रडणे पोकळ नाही. शिष्य घरी परतल्यावरही ती कबरेपाशी उभी राहते. प्रभू तिला केवळ ‘मरिये’ अशी हाक मारतात. त्या एका हाकेने ती त्यांना ओळखते आणि शिष्यांकडे वार्ता घेऊन निघते. प्रभूने प्रेमाने उच्चारलेल्या नावाला जगाने दूषणाचा शब्द जोडला. आपल्या आळीतही एखाद्या स्त्रीला असेच एखादे विशेषण चिकटते आणि तिचे खरे नाव कोणी घेईनासे होते. पुढच्या २२ जुलैला तो उतारा ऐकताना तिची आठवण व्हावी, आणि घरी परतताना आपण तिला तिच्या नावाने हाक मारावी, एवढीच आमची विनंती.