गाडीवानाचे नाक आणि न भरणारी जखम

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. हकीकत पुण्याजवळची होती. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभराने विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाच्या पत्र्याने माप घेतले, ते कपाळावर पसरून कडेने रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांमधली अरुंद पट्टी मात्र कापली नाही. कातडी वळवून खाली बसवली, काताचा लेप दिला. पट्टी तोडली ती सुमारे पंचविसाव्या दिवशी. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे पत्रात आहेत, करणाऱ्याचे नाही. आम्हा कामगार चळवळीतल्यांना याचे नवल वाटत नाही.

श्रोतेहो, सारी विद्या त्या न कापलेल्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहते, म्हणून कातडी जगते. १८१४ साली लंडनच्या कार्प्यूने हीच रीत उचलली.

पुढे १८९५ साली क्ष-किरण सापडले. किरणांनी कर्करोग जळतो, पण भोवतालच्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू बुजतात. कधी कधी वर्षांनी तिथे जखम होते आणि भरत नाही. मांडीची पातळ कातडी लावावी तर मुरमाड रानातल्या रोपासारखी ती धरत नाही. म्हणून रोग उलटला नाही ना हे पाहून, मेलेला भाग काढून, निरोगी मांस त्याच्या रक्तवाहिनीसकट तिथे आणतात. डॉक्टर त्याला फ्लॅप म्हणतात.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला हा विषय परका नाही. १९८७ च्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत परंडा-भूमची गावे होती. १९९९ पासून जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाहणी झाली; एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले, हे २००९ साली जगाला कळले. या रोगावर किरण हा मोठा उपाय. त्यानंतर क्वचित मूत्राशयाला भोक पडते, लघवी झिरपत राहते, आणि बाई घरातसुद्धा बोलत नाही. तिथेही शेजारची चरबी किंवा मांडीचा स्नायू वळवून भोक बुजवता येते. पण त्यासाठी पडून राहावे लागते. कावसजीला कंपनीची पेन्शन होती. कोयत्याची उचल अंगावर असलेल्या बाईचा तर खाडा मांडला जातो; मग ती दवाखान्याची तारीख हंगामापलीकडे ढकलते.