आपलेच दात, आपलेच ओठ

दोनेक वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या कामासाठी परदेशात तीन आठवडे हॉटेलात राहिलो होतो. एका शनिवारी बाहेर धो धो पाऊस, हॉटेलचं नेट बंद, आणि टीव्हीवर एकही ओळखीची भाषा नाही. पलंगाशेजारचा खण उघडला तर आत बायबल! काहीतरी छोटं वाचू म्हणून चाळलं तर योनाचं पुस्तक सापडलं. चार अध्याय, फक्त ४८ वचनं. आमचं एखादं डिझाईन डॉक्युमेंटसुद्धा याहून मोठं असतं. 'माशाने गिळलेला माणूस' एवढंच आजवर ऐकून होतो. पण वाचून संपलं तेव्हा मी एकटाच हसत होतो. आणि मग प्रश्न पडला, की धर्मग्रंथात हे कसं काय चाललं?

तर गोष्ट अशी. देव योनाला सांगतो, निनवेला जा. निनवे म्हणजे असुरी साम्राज्याची राजधानी, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळची. हे शहर पूर्वेला. योना बंदरावर जातो आणि नेमकं उलट्या दिशेचं, तार्शीशचं जहाज पकडतो. वादळ येतं. परधर्मी खलाशी जीव तोडून आपापल्या देवांचा धावा करतात, आणि देवाचा अधिकृत संदेष्टा खाली घोरत पडलेला असतो. त्याला उठवून विचारतात, बाबा तू कोण? तर तो अभिमानाने सांगतो, की ज्याने समुद्र आणि जमीन निर्माण केली त्या देवाला मी भजतो. अरे, मग त्याच देवापासून समुद्रावरून पळतोस कसा?

त्याचं नावसुद्धा अमित्तयचा मुलगा योना. अमित्तय हे नाव हिब्रूतल्या 'सत्य' या शब्दाशी जोडलेलं आहे. म्हणजे सत्याचा हा सुपुत्र पूर्ण पुस्तकभर सत्यापासून पळतोय!

पुढे मासा वगैरे होऊन स्वारी शेवटी निनवेला पोचते. तिथलं त्याचं प्रवचन मूळ हिब्रूत पाच शब्दांचं आहे. चाळीस दिवसांत शहर उलथणार, एवढाच मजकूर. बाकीचे संदेष्टे पानंच्या पानं कंठशोष करतात आणि कोणी ढुंकून बघत नाही. इथे पाच शब्दांत राजापासून रंकापर्यंत सगळे पश्चात्ताप करतात, अगदी गुराढोरांनासुद्धा गोणपाट नेसवतात. गंमत म्हणजे 'उलथणं' या अर्थाचं मूळ हिब्रू क्रियापद 'पालटणं' या अर्थानेही वापरतात. शहर खरोखरच पालटतं. भविष्य खरं ठरतं, फक्त योनाला हवं होतं तसं नाही. देव शिक्षा रद्द करतो, आणि योना भडकतो. इतरत्र देवाची स्तुती म्हणून येणारे दयाळू, सहनशील वगैरे गुण तो इथे तक्रार म्हणून मोजून दाखवतो. तू असा आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच तर पळालो!

इथपर्यंत विनोद. पण हॉटेलातून परत आल्यावर थोडा इतिहास वाचला आणि हसू जरा मावळलं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास याच असुरी साम्राज्याने उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य संपवलं आणि तिथल्या कितीतरी लोकांना देशोधडीला लावलं. योना नावाचा संदेष्टा त्याआधीच्या यराबाम राजाच्या काळातला. पण हे पुस्तक त्यानंतर काही शतकांनी, बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोपर्यंत निनवेही इ.स.पू. ६१२ मध्ये धुळीला मिळालं होतं. म्हणजे वाचकाला सगळं माहीत आहे. ज्या शहराला माफी मिळाली त्याच शहराच्या सैन्याने पुढे आपलं घर जाळलं, हेही माहीत आहे. योनाचा राग वेडगळ नाही. तो वाचकाचाच राग आहे. लेखक त्या रागाला हसतोय, पण तो राग खोटा आहे असं म्हणत नाहीये.

माझ्या मते आयरनीचं सगळं यंत्र यावर चालतं: पात्राला एक गोष्ट माहीत नाही, वाचकाला आहे. वाचक सुखावतो, पात्राला हसतो, आणि मग लक्षात येतं की आरशात आपणच आहोत. हिब्रू बायबलमध्ये निनवेच्या पाडावाचा आनंद साजरा करणारं नहूमचं पुस्तकही आहे. दोन्ही पुस्तकं एकाच संग्रहात सुखाने नांदतात. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता दुसरं टोक. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशूचं काय करायचं यावर सभा भरते. भीती अशी, की याला मोकळं सोडलं तर रोमन येऊन आपलं मंदिर आणि राष्ट्र दोन्ही बुडवतील. महायाजक कयफा व्यवहारी सल्ला देतो, की सगळ्यांचा नाश होण्यापेक्षा एकाने मेलेलं परवडलं. हे पुस्तक सर्वसाधारणपणे पहिल्या शतकाच्या अखेरीचं मानतात. म्हणजे वाचकांना ठाऊक होतं की येशू मेला, आणि तरीही इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलंच. शिवाय 'एकाने सगळ्यांसाठी मरणं' हाच तर त्यांच्या श्रद्धेचा गाभा. कयफा नकळत त्यांचंच सूत्र बोलून जातो. तंत्र तेच, पण इथे वाचक हसतो तो समोरच्याला. तरी लिहिणारे आणि वाचणारे बरेचसे ज्यू मुळांचेच होते. भांडण एका घरातलं होतं.

मग घरं वेगळी झाली.

इ.स. ३८६-८७ मध्ये अंत्युखियात जॉन क्रिसोस्टम नावाचा नामांकित धर्मोपदेशक होता. त्याच्या मंडळीतले काही ख्रिस्ती लोक ज्यूंच्या सणांना आणि उपासांना हौसेने जात. ते थांबवायला त्याने ज्यूंविरुद्ध आठ जहाल प्रवचनं दिली. त्यात त्याने दारूगोळा कुठून आणला? ज्यूंच्याच संदेष्ट्यांकडून! आपल्या लोकांना त्यांनी पोटतिडकीने जे सुनावलं होतं, ते याने आरोपपत्र म्हणून वाचून दाखवलं. आणि ३८७ सालीच शहरातल्या जमावाने सम्राटाचे पुतळे पाडले, लोक शिक्षेच्या भीतीने गारठले, तेव्हा धीर द्यायला याच क्रिसोस्टमने त्यांना निनवेची गोष्ट सांगितली. म्हणजे स्वतःच्या शहराला निनवेची माफी, आणि शेजाऱ्याला संदेष्ट्यांच्या शिव्या. योनाच्या लेखकाने हे वाचलं असतं तर पाचवा अध्याय लिहिला असता.

संत ऑगस्टीननेही रुसलेल्या योनाला, इतरांचं भलं न बघवणाऱ्या इस्राएलचं प्रतीक ठरवलं. एका ज्यू लेखकाने स्वतःकडे धरलेला आरसा असा फिरवला गेला. त्याची किंमत शतकानुशतकं ज्यूंनी मोजली. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, हे व्हॅटिकनच्या परिषदेने अधिकृतपणे जाहीर केलं ते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी.

हे वाचताना मला एक क्षुल्लक प्रसंग आठवत होता. टीममध्ये मी पुण्याच्या पाट्यांवरून, आपल्या लोकांच्या एक वाजता दुकान बंद करण्यावरून नेहमी विनोद करतो. एकदा बाहेरून आलेल्या नव्या सहकाऱ्याने तोच विनोद, अगदी त्याच शब्दांत, सगळ्यांसमोर केला. माझा चेहरा पडला. शब्द तेच, मग टोचलं का? आपलेच दात आणि आपलेच ओठ असतात तोवर ठीक. दात दुसऱ्याचे झाले की रक्त येतं.

पण मग असंही आठवलं, की सरदारजींचे ढीगभर विनोद मी स्वतः फॉरवर्ड केलेत, आणि त्यातले बरेच मला एका सरदार मित्रानेच ऐकवले होते. तेव्हा दात माझे होते.

योनाचं पुस्तक एका प्रश्नावर संपतं. ज्यांना उजवंडावं कळत नाही अशी एक लाख वीस हजार माणसं या शहरात आहेत, शिवाय इतकी गुरं. मला त्यांची कीव येऊ नये का, असं देव विचारतो. योना काय उत्तर देतो? काहीच नाही, पुस्तक तिथेच संपतं. ज्यू लोक योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी, हे पुस्तक सभास्थानात मोठ्याने वाचतात. वर्षातल्या सगळ्यात गंभीर दिवशी, उपाशीपोटी, स्वतःवरचा विनोद.

असो. सोमवारी ऑफिसात त्या सहकाऱ्याला पाट्यांचे आणखी चार किस्से सांगणार आहे. आणि त्याच्या गावाकडचे लोक स्वतःला कशावरून हसतात ते विचारणार आहे. ऐकून घेईन, फॉरवर्ड मात्र करणार नाही.