बंदूक परवाना आणि त्याची हद्द
मालवण तालुक्यातील धामापूर हे १५३० मध्ये बांधलेल्या तलावासाठी प्रसिद्ध. आजूबाजूच्या माड-पोफळीच्या बागांत मात्र खरी चर्चा रानडुकरांची आणि माकडांची. कोकणात बंदुकीचा परवाना बहुधा याच कारणासाठी मागितला जातो: शेतीसंरक्षण.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे सिंधुदुर्गात ओरोसला बसणारे जिल्हाधिकारी देतात. त्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांवरून पाच झाली आणि एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. डुक्कर मारायचे तर वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याची परवानगी वेगळी.

आता प्रश्न हद्दीचा. अमेरिकेत लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने राज्ये देतात, आणि एका राज्याचा परवाना दुसरे मानेलच असे नाही. भारतात शस्त्रे हा केंद्रसूचीतील विषय असल्याने राज्याराज्यांत करारांची गरजच पडत नाही. हद्द परवान्यावरच लिहिलेली असते: जिल्हा, राज्य किंवा देश. केवळ सिंधुदुर्गापुरता परवाना असलेल्याने बंदूक घेऊन बांद्यापुढे पत्रादेवीला गोव्यात पाऊल टाकले, तर तो गुन्हा ठरू शकतो.

गंमत अशी, की २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकूनच न्यावे लागते. अमेरिकेतील काही राज्यांत ज्यासाठी वेगळा परवाना, ते इथे बंधन. निवडणूक लागली की अनेकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. रानडुकरांना आचारसंहिता नसते.