सुरक्षित काळाची शिकवणी : मगनवाडी ते बल्लारपूर

नैसर्गिक कुटुंबनियोजनासाठी दुकानातून फारसे काही आणावे लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका, एक वही आणि फार तर एक थर्मामीटर पुरतो. पैसा लागतो तो शिकण्यासाठी. पाळीच्या तारखा कशा नोंदवायच्या, कोणत्या दिवसांत गर्भ राहू शकतो हे कसे ओळखायचे आणि शंका आली तर काय करायचे, हे कोणीतरी बसून, पुन्हा पुन्हा समजावून द्यावे लागते. या शिकवणीचे पैसे कोणी द्यायचे, शिकणाऱ्या जोडप्याने, चर्चने, सरकारने की एखाद्या जागतिक संस्थेने, हा प्रश्न या पद्धतीला जन्मापासून चिकटलेला आहे. अमेरिकेत १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कपल टू कपल लीग’सारख्या संस्था कॅथलिक जोडप्यांकडून वर्गाची रीतसर फी घेतात. वर्धा जिल्ह्यात मात्र या विषयाची चर्चा कोणत्याही चर्चच्या आवारात नव्हे, तर मगनवाडीत झाली, आणि ती करणाऱ्या दोघांपैकी एकही कॅथलिक श्रद्धेचा नव्हता.

पाळीवरून दिवस मोजण्याची कल्पना मराठी घरांना परकी नव्हती. मनुस्मृतीने ऋतुकाल सोळा रात्रींचा धरला आहे. त्यातल्या पहिल्या चार, तसेच अकरावी आणि तेरावी रात्र वर्ज्य. उरलेल्या दहा संततीसाठी योग्य. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर बीजांड साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटते, त्यामुळे हा हिशेब प्रत्यक्षाच्या बराच जवळ जातो. फक्त त्याचा हेतू उलटा होता: मूल व्हावे म्हणून दिवस साधायचे, टळावे म्हणून नव्हे. ‘बाहेर बसण्या’च्या दिवसांची घरातल्या सगळ्यांना खबर असे, म्हणून वेगळी नोंद ठेवण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

युरोपातली गोष्ट याहून विचित्र आहे. मूल नको असलेल्या जोडप्याने वंध्य दिवसांपुरताच संबंध ठेवला तर त्यांच्या पापनिवेदनात आडकाठी करू नये, असे रोमच्या न्यायपीठाने १८५३ आणि १८८० साली कळवले होते. परवानगी मिळाली, पण दिवस चुकीचे होते. जनावरांच्या माजावरून अनुमान काढून त्या काळचे डॉक्टर पाळीच्या लगतचे दिवस फलदायी आणि मधले दिवस निर्धोक समजत. श्रद्धेने त्यांचा सल्ला पाळणाऱ्या जोडप्यांच्या घरी पाळणा हलत राहिला, यात नवल नाही.

हा घोळ जपानच्या क्यूसाकू ओगिनो (१९२४) आणि ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाउस यांनी मिटवला. बीजांड सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून मोजून चालत नाही, पुढच्या पाळीपासून उलटा मोजावा लागतो, हे त्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्यावरून जो हिशेब रूढ झाला तो असा: वर्षभराच्या नोंदीतल्या सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करायचे, सर्वांत मोठ्यातून ११. एखाद्या बाईचे चक्र कधी २६ दिवसांचे तर कधी ३१ दिवसांचे असेल, तर आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत संयम पाळायचा, म्हणजे तेरा दिवस. गणित तिसरीच्या मुलाला जमेल असे आहे. अडचण येते ती वर्षभर न चुकता तारखा लिहून ठेवण्यात, आणि अक्षरओळख नसलेल्या बाईने त्या लिहायच्या कशा, यात.

१९३० साली अँग्लिकन बिशपांनी लँबेथ परिषदेत कृत्रिम साधनांना काही अटींवर वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, पोप पायस अकरावे यांनी ‘कास्ती कोन्नूबी’ हे विश्वपत्र काढून ती वाट कॅथलिकांसाठी बंद केली. मात्र निसर्गतःच गर्भ राहणार नाही अशा वेळी पतिपत्नींनी एकत्र येण्यात दोष नाही, एवढी फट त्या पत्रात राहिली. शिकागोचे कॅथलिक डॉक्टर लिओ लॅट्झ यांनी १९३२ साली ‘द रिदम’ हे छोटे पुस्तक काढले आणि ते हातोहात खपले. नैसर्गिक पद्धतीच्या शिकवणीसाठी लोक पैसे मोजू लागले ते बहुधा इथपासून.

डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला उतरल्या. अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या त्या प्रणेत्या होत्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्रिवेंद्रम अधिवेशनासाठी भारतात आल्या होत्या. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या त्या बागेतच ग्रामोद्योग संघाचे काम चाले. सेगावला गांधीजी पुढच्या वर्षी गेले आणि त्या गावाचे सेवाग्राम व्हायला आणखी काही वर्षे लागली. सँगरबाईंना त्यांच्याकडून साधनांच्या बाजूने एखादा शब्द हवा होता. तो मिळाला नाही. संयम हाच मार्ग आणि नवऱ्याला नकार देण्याचे बळ स्त्रीमध्ये आले पाहिजे, हे गांधीजींचे म्हणणे दोन दिवसांच्या चर्चेत ढळले नाही. गांधीजींचे सचिव महादेव देसाई यांनी जानेवारी १९३६ च्या ‘हरिजन’मध्ये या भेटीचा वृत्तांत दिला. त्यात एक बारीकशी सवलत नोंदलेली आहे. महिन्यातल्या सुरक्षित दिवसांपुरताच संबंध ठेवण्याची पद्धत गांधीजींना साधनांइतकी त्याज्य वाटली नाही, कारण उरलेल्या दिवसांत तरी तीत संयम पाळावा लागतो.

रोमची फट आणि मगनवाडीची फट यांतले साम्य उघड आहे. दोन्हीकडे नैतिक वजन साधनाला नव्हते, संयमाला होते. मुंबईत १९२१ पासून संततिनियमन केंद्र चालवणारे र. धों. कर्वे यांना हे अर्थातच मान्य नव्हते. या कार्यापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावलेल्या कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि ब्रह्मचर्याचा उपदेश हा उपाय नव्हे, असे ते ठणकावून लिहीत राहिले. मासिक तोट्यात चाले आणि पदरमोड करूनच निघे. शिकवणीचा खर्च कोणी सोसायचा याचे कर्व्यांपुरते उत्तर हे होते.

मगनवाडीतली ती सवलत पुढे थेट दिल्लीच्या सचिवालयात पोहोचली. ती नेणाऱ्या राजकुमारी अमृत कौर. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या या ख्रिस्ती बाईंनी गांधीजींच्या सचिव म्हणून वर्षानुवर्षे काम केले आणि १९४७ ते १९५७ या काळात त्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री होत्या. लोकसंख्येचा प्रश्न त्यांना मान्य होता, कृत्रिम साधने मान्य नव्हती. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले, पण आरोग्यमंत्र्यांच्या खात्याने आधी हात घातला तो सुरक्षित काळाच्या प्रयोगाला. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेकडून न्यूयॉर्कचे डॉ. अब्राहम स्टोन यांना बोलावण्यात आले. ही १९५१ सालची गोष्ट. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोप पायस बारावे यांनी इटालियन सुइणींपुढे बोलताना गंभीर कारण असेल तर सुरक्षित काळ पाळण्यास स्पष्ट मुभा दिली होती. संघटनेपुढेही दुसरा पर्याय नव्हता. १९५२ च्या तिच्या अधिवेशनात आयर्लंड, बेल्जियम, इटलीसारख्या कॅथलिक देशांनी कुटुंबनियोजनाच्या नुसत्या उल्लेखावरूनही वादळ उठवले. गांधीवादी मंत्री आणि कॅथलिक देश दोघांनाही चालेल अशी एकच पद्धत होती, आणि तिच्या शिकवणीचा खर्च जागतिक संघटनेने व भारत सरकारने वाटून घेतला.

प्रयोगासाठी म्हैसूर राज्यातले रामनगरम आणि दिल्लीची लोदी कॉलनी ही दोन ठिकाणे निवडली गेली. तारखा लिहिता न येणाऱ्या बायकांसाठी स्टोन यांनी माळ आणली: अठ्ठावीस मणी, हिरवा सुरक्षित, लाल धोक्याचा, रोज एक मणी पुढे सरकवायचा. कागदावर युक्ती अफलातून होती. घरात गेल्यावर तिचे काय झाले याच्या हकिकती नंतर सर्वत्र सांगितल्या गेल्या. मणी सरकवायचा राहून जाई. अंधारात हिरवा कुठला आणि लाल कुठला ते कळत नसे. कोणाला वाटे, माळ घरात असली की पुरे, मूल राहणार नाही. माळ आणि जप यांचे नाते माहीत असलेल्या समाजात हा गैरसमज अगदी समजण्यासारखा आहे. पद्धत शिकण्याची इच्छा सुमारे ७० ते ७५ टक्के जोडप्यांनी दाखवली होती, मात्र नेटाने ती पाळणारी जोडपी मूठभरच निघाली.

त्यानंतर सरकारचा रस आटला. एकामागोमाग एक पंचवार्षिक योजना येत गेल्या तसा भर साधनांवर आणि शस्त्रक्रियेवर गेला. यातही वर्ध्याचा एक धागा आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आणि १९६९ साली सुरू झालेल्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापक डॉ. सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. गांधीजींच्या वैयक्तिक डॉक्टर राहिलेल्या या बाईंच्याच कारकिर्दीत, १९६५ साली, गर्भाशयात बसवायचा लूप देशभर आला. पुढे पैशाचा प्रवाहच उलटला. शिकण्यासाठी कोणी पैसे द्यावेत असा प्रश्न उरला नाही, कारण नसबंदी करून घेणाऱ्यालाच सरकार पैसे देऊ लागले. आणीबाणीतल्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

याच काळात चर्चने नैसर्गिक पद्धतीची शिकवणी अंगावर घेतली. २५ जुलै १९६८ च्या ‘ह्यूमाने व्हिते’ या विश्वपत्रात पोप पॉल सहावे यांनी गोळीसह सर्व कृत्रिम साधने नाकारली आणि डॉक्टरांना नैसर्गिक पद्धती अधिक भरवशाच्या करण्याचे आवाहन केले. त्या दिशेने ऑस्ट्रेलियात काम आधीच सुरू होते. मेलबर्नचे जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज हे डॉक्टर दांपत्य तारखांऐवजी योनीस्रावाच्या बदलावर भर देत होते. घट्ट, चिकट स्राव पातळ आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा झाला की दिवस फलदायी. यात पाळी अनियमित असली तरी चालते आणि अक्षरओळखही लागत नाही, रंगीत चिकट्या पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने बंगळूरसह पाच केंद्रांवर हे तपासले, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त स्त्रियांना ही लक्षणे पहिल्याच चक्रात ओळखता आली. पण वर्षभरात शंभरातल्या बावीसेक स्त्रियांना दिवस गेले. त्यातल्या बहुतेकींचे कारण पद्धत चुकणे हे नव्हते. धोक्याचे दिवस माहीत असूनही संयम सुटला होता. मदर तेरेसांनी १९७९ च्या नोबेल भाषणात कलकत्त्यात सहा वर्षांत ६१,२७३ जन्म याच मार्गाने टळल्याचा आकडा सांगितला. तिथे शिकवणीची फी नव्हती. धर्मभगिनी वस्तीत जाऊन शिकवत.

वर्धा जिल्ह्यात कॅथलिक वस्ती विरळ. १९६२ साली केरळच्या कार्मेलाइट मिशनऱ्यांकडे चांदा भागाचे काम आले, १९७७ साली त्याचा सिरो-मलबार धर्मप्रांत झाला आणि बल्लारपूर हे त्याचे केंद्र ठरले. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे या धर्मप्रांतात येतात. केरळच्या चर्चमध्ये विवाहपूर्व शिबिर ही लग्नाची जवळजवळ अटच असते, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या ‘फामिलिआरिस कोन्सोर्तियो’नंतर ही रीत जगभर पक्की झाली. त्या शिबिरात एका सत्रात डॉक्टर किंवा प्रशिक्षित धर्मभगिनी नैसर्गिक पद्धत समजावते. शिबिराचे शुल्क घेतले जाते, पण ते प्रामुख्याने जेवणखाण, राहणे आणि पुस्तिकांसाठी असते. शिकवणीचे दाम त्यात धरलेले नसते. कुरकुर होते ती शुल्कापेक्षा वेळेमुळे. सेलू तालुक्यातल्या हिंगणीसारख्या गावातून अशा शिबिराला जायचे तर एसटीचे भाडे आहेच, शिवाय सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत दोघांचीही दोन-तीन दिवसांची रोजी बुडते. शुल्कापेक्षा तीच जड जाते. त्यात एका सत्राने भागत नाही. बिलिंग्ज पद्धत हाती बसायला निदान तीन चक्रे शिक्षिकेला तक्ता दाखवत राहावे लागते, आणि नव्या नवरीला हे फोनवर बोलणेही अवघडच.

गावाच्या आरोग्यसेवेत या पद्धतीला जागा आहे, पण कोपऱ्यातली. आशाताईच्या पिशवीत निरोध आणि गोळ्या असतात. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळीही आली. त्यांचे काही पैसे पडत नाहीत आणि शस्त्रक्रियेला वर भरपाई मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास जणींची नसबंदी झालेली आढळली. पारंपरिक पद्धती पाळणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे दहा टक्के होते, महाराष्ट्रात त्याहून बरेच कमी.

स्टोन यांची माळ मात्र परत आली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने ३२ मण्यांची नवी माळ तयार केली: एक लाल मणी पाळीच्या पहिल्या दिवसाचा, पांढरे बारा मणी आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे, बाकीचे तपकिरी. या वेळी पांढरे मणी अंधारात चमकतात आणि रबराचे कडे सरकवायचे असते. झारखंडमध्ये ती ‘मालाचक्र’ नावाने वाटली गेली. चक्र २६ ते ३२ दिवसांचे असेल तरच ती चालते आणि वापरण्याआधी समजावून सांगावी लागते. त्या समजावण्यासाठी आरोग्यसेविकेचा किती वेळ धरायचा आणि त्याचे मानधन किती, हे झारखंडच्या कामातही ठरवावे लागले.