धुरक्याचा आरोपी कोण?

आरोपीला शासन करण्यापूर्वी गुन्हा नेमका कोणता घडला हे ठरले पाहिजे, असा न्यायाचा दंडक आहे. लॉस एंजेलिस नगरीच्या हवेचा इतिहास या दंडकाची सार्थता उत्तम प्रकारे पटवितो.

१९४३ च्या जुलै महिन्यात या शहरावर दाट, तिखट धुरके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. दिवस महायुद्धाचे, जपानने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. मग संशय वळला तो कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन बनविणाऱ्या एका कारखान्याकडे. तो काही काळ बंद ठेवण्यात आला. धुरके मात्र हटले नाही. लंडनच्या धुरक्याला कोळसा कारण होता, परंतु लॉस एंजेलिसमध्ये कोळसा फारसा जळतच नव्हता. शिवाय येथील धुरके ऐन उन्हात दाटून येई.

याचा उलगडा केला आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. पासाडेना येथे ते अननसाच्या स्वादद्रव्यांचे पृथक्करण करीत असत. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. पेट्रोलची वाफ व नायट्रोजन डायऑक्साइड यांचे मिश्रण उन्हात ठेवले असता ओझोन उत्पन्न होतो, असे त्यांना आढळले. ताणलेल्या रबराला ओझोनमुळे भेगा पडतात. त्या भेगाच त्यांच्या साक्षीदार ठरल्या. १९५२ साली त्यांनी आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला.

ही प्रक्रिया मोठी विलक्षण आहे. सूर्यप्रकाशाने नायट्रोजन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन-अणू सुटतो व हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून ओझोन होतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड त्या ओझोनचा पुन्हा नाश करतो. एवढ्यावरच हिशेब मिटला असता. परंतु इंधनाच्या न जळलेल्या सेंद्रिय वाफा मध्ये पडतात. हवेत त्यांचे ऑक्सिडीकरण होताना निघणारे क्रियाशील कण नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा डायऑक्साइड करतात. ओझोन खर्च होत नाही, तो साचत जातो. उंच आकाशात आपले रक्षण करणारा हाच वायू जमिनीलगत फुप्फुसांना व पिकांना घातक ठरतो.

म्हणजे ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडलेला नव्हता. तो वाटेत, हवेतच जन्मला होता. अर्थात दोष प्रत्येक मोटारीच्या वाट्याला थोडाथोडा आला. तेल-उद्योगाने हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही. प्रदूषण-नियंत्रक साधनांची प्रगती संगनमताने रोखल्याचा आरोप ठेवून अमेरिकन शासनाने १९६९ मध्ये बड्या मोटार-कंपन्यांवर दावा लावला. आरोपाची कबुली न देता त्याच वर्षी तडजोड झाली. १९७५ च्या नव्या मोटारींपासून तेथे धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक यंत्रणा सर्रास बसू लागली.

आपल्याकडे हवेचा कायदा १९८१ साली झाला आणि २००९ च्या राष्ट्रीय मानकांत ओझोनलाही मर्यादा घालण्यात आली. परंतु जो वायू कोणी सोडतच नाही, त्याच्यावर नुसती बंदी घालून काय साधणार? कायद्याने धरावयाचे ते त्याच्या जनकांना, म्हणजे सेंद्रिय वाफा व नायट्रोजनची ऑक्साइडे यांना. या खटल्यात आरोपी अनेक आहेत आणि वाहन चालविणारे आपणही त्यांतलेच आहोत.