माडीवरची दुसरी पोरकी

शार्लट ब्राँटी हिची 'जेन एअर' ही कादंबरी १८४७ सालीं प्रसिद्ध झाली. पोरक्या जेनचे मामीच्या घरीं झालेले हाल, शाळेंतील उपासमार आणि धन्याशीं बरोबरीनें बोलण्याचें तिचें धैर्य हीं वाचतांना ज्याचें मन हेलावलें नाहीं असा वाचक विरळा. पण रॉचेस्टरनें माडीवर कोंडून ठेवलेल्या वेड्या बायकोविषयीं आपण काय विचार केला? आम्हीं तरी, खरें सांगावयाचें तर, कांहींच केला नाहीं. जेनच्या लग्नांतील विघ्न, एवढीच तिची ओळख!

जीन ऱ्हीस हिला ही ओळख पुरेशी वाटली नाहीं. ती १८९० सालीं वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटांत जन्मली. तिच्या मातुल घराण्यांतील पूर्वज गुलामांचे धनी होते. १९६६ सालीं निघालेल्या 'वाइड सारगॅसो सी' या कादंबरींत तिनें त्या बायकोची पूर्वकथा सांगितली.

तींतील खरा फेरफार काळाचा आहे. मूळ ग्रंथांत स्कॉटचें 'मार्मियन' हें १८०८ चें काव्य नवें पुस्तक म्हणून जेनच्या हातीं येतें. रॉचेस्टरचा जमैकांतील विवाह त्यापूर्वीं सुमारें पंधरा वर्षांचा. म्हणजे वधूबरोबर आलेले तीस हजार पौंड गुलामगिरीच्या ऐन भरांतले. ते कोणाच्या घामाचे, हें मूळ ग्रंथ विचारीत नाहीं. ऱ्हीसनें तोच विवाह १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यानंतर घातला. त्या कायद्यानें धन्यांस दोन कोटि पौंड भरपाई मिळाली; सुटलेल्यांस एक छदामहि नाहीं, उलट १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नांवाखालीं जुन्याच धन्यांकडे राबणें आलें. कादंबरीच्या आरंभींच भरपाईची वाट पाहून थकलेला एक शेजारी आपला कुत्रा गोळी घालून मारतो व समुद्रांत पोहत जाऊन नाहींसा होतो.

या मोडक्या जगांत आँत्वानेत वाढते. बाप मेलेला, घर जाळलें गेलेलें, भाऊ दगावलेला, आई वेडी होऊन मेलेली; जेनइतकीच पोरकी. सावत्र बापाचा पैसा लग्नांत मिळतो, पण तिच्या नांवें कांहींच राखलेलें नसल्यामुळें त्या काळच्या इंग्रजी कायद्यानें तो नवऱ्याचा होतो. पुढें तो तिचें नांवहि बदलून बर्था करतो. इकडे जेनला काकाचे वीस हजार पौंड मिळाले ते ती अविवाहित असतांना. म्हणून तर तिला ते तिघां भावंडांत वांटतां आले.

एक उणें मात्र आम्हांस जाणवतें. नवऱ्याला तोंडावर जाब विचारणारी क्रिस्तोफीन ही काळी दाई पुस्तकांतील सर्वांत स्पष्टवक्ती बाई. पण ती मागें न पाहतां चालूं लागते, आणि ती कोठें गेली हें ऱ्हीसहि सांगत नाहीं.